यादीतला तेविसावा

अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या विमानतळावर, विमान सुटायच्या तासभर आधी गेटपाशी गेलं की काउंटरच्या वरच्या पडद्यावर एक यादी दिसते. आडनावाची पहिली तीन इंग्रजी अक्षरं, त्यापुढे नावाचं एक अक्षर आणि एक क्रमांक. एवढ्यावर माणूस ओळखायचा. त्यामुळे पाटील, पटेल, पटवर्धन आणि पॅटरसन हे चौघंही तिथे ‘पीएटी’ असतात. कुलकर्ण्यांचं ‘केयूएल’ होतं, आणि देशपांडे, देशमुख, देसाई एकाच ‘डीईएस’मध्ये दाटीवाटीने बसतात. वरच्या दोन-तीन नावांपुढे बरोबरची खूण उमटलेली असते. त्यांना पुढच्या रुंद खुर्च्यांच्या फर्स्ट क्लासात फुकट जागा मिळालेली असते. खालची नावं तिष्ठत असतात. पडदा दर काही सेकंदांनी पान उलटतो आणि तिसाव्या, चाळिसाव्या क्रमांकापर्यंतची नावं येऊन जातात. ज्यांची नावं तिथे असतात ते वर बघत नाहीत असं दाखवतात आणि बघतात.

सल्लागारीच्या आणि सॉफ्टवेअर बसवून द्यायच्या धंद्यात ही यादी हजेरीपटासारखी पाठ होते. सोमवारी पहाटेचं विमान पकडून क्लायंटच्या गावी जायचं, गुरुवारी संध्याकाळी परतायचं, शुक्रवारी घरून काम. असं वर्षातले चाळीस-पंचेचाळीस आठवडे. एडिसन, फ्रीमाँट, डॅलसच्या उपनगरांत राहणाऱ्या कितीतरी मराठी घरांत सोमवारची बॅग रविवारी रात्रीच दाराशी लागलेली असते. या जगात विमान कंपनीचं ‘स्टेटस’ हुद्द्यासारखं विचारलं जातं. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम आणि त्याच्याही वरचं काही. स्टेटससोबत एक समजूतही चालत येते: इतके मैल उडलो, इतकी वर्षं एकाच कंपनीशी इमान राखलं, तर पुढची खुर्ची आता आपल्या हक्काची. दर वर्षी डिसेंबर जवळ आला की पायरी गाठायला थोडं कमी पडतंय म्हणून नको असलेलं एखादं विमानप्रवासाचं निमित्त शोधणारी माणसं याच समजुतीवर जगतात.

माझं म्हणणं आहे की ही समजूत मुळातच उलटी आहे. फुकटचं अपग्रेड हे इमानाचं बक्षीस नव्हे. न खपलेला माल दार बंद व्हायच्या आधी कोणाच्या तरी पदरात टाकायची ती रीत होती. माल खपायला लागला आणि रीत आटली. शिवाय ज्या प्रवासामुळे माणसाला स्टेटस मिळतं, नेमका तोच प्रवास त्याची अपग्रेडची आशा मारतो. वारंवार उडणारा माणूस वारंवार उडणाऱ्यांच्याच गर्दीत उडतो. हे दोन मुद्दे नीट उलगडले तर निराशा कमी होते की नाही ठाऊक नाही, पण निदान हिशेब तरी सुटतो.

आधी माल. 1978 साली अमेरिकेने विमान वाहतुकीवरचं सरकारी नियंत्रण उठवलं. तोवर भाडं आणि मार्ग सरकारी मंडळ ठरवायचं. बंधन सुटताच कंपन्यांत भाड्याची लढाई पेटली आणि गिऱ्हाईक बांधून ठेवायची गरज निर्माण झाली. मे 1981 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ‘अ‍ॅडव्हांटेज’ ही मैल मोजणारी योजना काढली, पाठोपाठ काही दिवसांतच युनायटेडने आपली काढली, डेल्टाही त्याच वर्षी आली. त्या काळात अमेरिकेतली देशांतर्गत विमानं सरासरी साठ टक्क्यांच्या आसपास भरत. पुढचा वर्ग तर आणखी रिकामा, कारण त्याचं भाडं मागच्या भाड्याच्या कैक पटींनी जास्त. कोणाची कंपनी ते देणार? खुर्ची रिकामी गेली काय आणि एखाद्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला दिली काय, विमान कंपनीचा खर्च एका पेल्याचा आणि एका ताटाचा. अपग्रेडची परंपरा या साध्या व्यापारी शहाणपणातून आली. तिच्यात औदार्य होतं असं मानणारे मानोत. मंडईत संध्याकाळी सात वाजता पालेभाजीची जुडी निम्म्या भावात मिळते तेव्हा भाजीवाली आपल्यावर माया करते असं कोणी म्हणत नाही.

मग ही जुडी दुपारीच खपायला लागली. डेल्टाचं उत्पन्नाचं गणित वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या ग्लेन हाउएनस्टाइन यांनी गुंतवणूकदारांना सांगितलेला हिशेब या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा आहे. साधारण 15 वर्षांपूर्वी डेल्टाच्या देशांतर्गत फर्स्ट क्लासातल्या शेकडा 12 च्या आसपास जागा पैसे मोजून घेतलेल्या असत. उरलेल्या जवळजवळ सगळ्या एकतर फुकट अपग्रेडमध्ये किंवा अशाच काही वाटेने जात. अलीकडे हेच प्रमाण तीन चतुर्थांशाच्या घरात पोचलं आहे. हे घडवायला खुर्ची बदलावी लागली नाही, भाव बदलला. पुढच्या आणि मागच्या भाड्यातलं अंतर इतकं कमी केलं की सुटीला निघालेलं जोडपंही ‘घेऊन टाकू’ म्हणायला लागलं. त्याहून कळीची गोष्ट म्हणजे विक्री तिकिटापाशी थांबेनाशी झाली. तिकीट काढताना एकदा विचारायचं, मग अ‍ॅपवर पुन्हा, चेक-इन करताना आणखी एकदा. कमी अंतराच्या मार्गावर हा वाढीव भाव कधी कधी शंभर डॉलरच्याही आत येतो. म्हणजे यादीतला पहिला माणूस ज्या खुर्चीकडे डोळे लावून बसला आहे, तीच खुर्ची त्याच क्षणी चाळीस रांगा मागच्या एखाद्या प्रवाशाच्या फोनवर विक्रीला लागलेली असते. त्या प्रवाशाला वर्षातून दोनदाच विमानात बसायचं असतं. तो बोट टेकवतो आणि खुर्ची जाते.

आता खुर्च्या किती, तेही पाहू. डेल्टाच्या बोइंग 737-900ईआर विमानात 180 जागा, त्यातल्या पुढच्या 20. अमेरिकनच्या 737-800 मध्ये पूर्वी 160 जागा होत्या, पुढे त्यांनी रांगा दाटून त्या 172 केल्या. पुढच्या 16 होत्या त्या 16 च राहिल्या. ज्या वाढल्या त्या सगळ्या मागे, जिथून यादीत नाव नोंदवणारे येतात. छोट्या गावी जाणाऱ्या 50 आसनी जुन्या सीआरजे-200 जेटमध्ये फर्स्ट क्लास नसतोच, तिथे कुठलंही स्टेटस घेऊन गेलात तरी आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? विमानं भरायचं प्रमाणही आता ऐंशी टक्क्यांच्या वर गेलं आहे. आणि कंपन्या एकमेकींत विलीन झाल्या: 2008 मध्ये नॉर्थवेस्ट डेल्टात, 2010 मध्ये युनायटेड आणि काँटिनेंटल एक, 2013 मध्ये अमेरिकन आणि यूएस एअरवेज. प्रत्येक विलीनीकरणात दोन याद्यांची एक यादी झाली. दोन गावच्या सरदारांना एकाच दरबारात बसवलं तर मानाच्या बैठका काही दुप्पट होत नाहीत.

एक समजा-हिशेब मांडतो. सोमवारी सकाळी अटलांटाहून निघणारं 20 पुढच्या जागांचं विमान. तीन चतुर्थांश विकल्या गेल्या तर राहिल्या पाच. या पाच काही गेटवर उघडत नाहीत. अमेरिकन एअरलाइन्सची पद्धत घेतली तर सर्वांत वरच्या जाहीर पायरीवरच्या माणसांसाठी खिडकी विमानाच्या 100 तास आधी उघडते, त्याखालच्यांची 72 तासांवर, मग 48 आणि सर्वांत खालच्या गोल्डवाल्यांसाठी 24 तासांवर. शिवाय जाहीर पायऱ्यांच्या वर एक न छापलेली पायरी असते. युनायटेडमध्ये तिला ‘ग्लोबल सर्व्हिसेस’ म्हणतात, अमेरिकनमध्ये ‘कन्सीर्जकी’. तिथे निकष जाहीर नसतात, बोलावणं येतं. तेव्हा समजा चार जागा वरच्या पायऱ्यांनी तीन दिवस आधीच उचलल्या. उरलेली एक गेटवर आली. यादीत 40 नावं. इथे बहुतेक जण चाळिसात एक, म्हणजे शंभरात अडीच असा अंदाज बांधतात आणि वर्षाला 80 वेळा उडलो तर दोनदा तरी लागेल अशी आशा धरतात. हा हिशेब चुकतो, कारण ही सोडत नाही, रांग आहे. सोडतीत प्रत्येक चिठ्ठीला सारखी संधी असते. रांगेत पहिल्याची संधी पूर्ण आणि तेविसाव्याची शून्य. शून्याला ऐंशीने गुणलं तरी शून्यच. तेविसावा माणूस पुढच्या सोमवारी पुन्हा तेविसाव्याच्या आसपास असतो, कारण वरचे बावीस जणही पुढच्या सोमवारी पुन्हा येणार असतात. त्यांनाही क्लायंट आहेत.

माझ्या म्हणण्याचं मर्म या शेवटच्या वाक्यात आहे. स्टेटस मिळवून देणारा प्रवास कसा असतो? ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी, कंपनीच्या मोठ्या अड्ड्यावरून. अटलांटा डेल्टाचा, डॅलस-फोर्टवर्थ अमेरिकनचा, न्यूअर्क आणि सॅन फ्रान्सिस्को युनायटेडचे. शिकागो तर अमेरिकन आणि युनायटेड या दोघींचाही. त्या गावात राहणाऱ्या प्रत्येकाकडे त्याच कंपनीचं कार्ड असतं, कारण दुसऱ्या कंपनीने जायचं तर मधे एक विमान बदलावं लागतं. म्हणजे ज्याला आपण इमान म्हणतो ते निम्मं भूगोलाने लादलेलं असतं. आणि त्याच भूगोलाने आणखी शेकडो लोकांवर लादलेलं असतं. सोमवार सकाळ आणि गुरुवार संध्याकाळ या दोन वेळांना अशा अड्ड्यावरच्या विमानात स्टेटस नसलेला माणूस शोधावा लागतो. सगळेच सरदार असतील तर पालखी कोणी कोणाची उचलायची?

हे ऐकून हमखास एक जण म्हणतो, “पण मला तर मिळतं!” खोटं बोलत नसतो तो. पण त्याच्या प्रवासाचा तपशील विचारला तर उत्तर सापडतं. मंगळवारी दुपारचं विमान, शनिवारचं, अड्डा नसलेल्या दोन मध्यम गावांमधलं, किंवा ऑर्लँडोसारख्या सहलीच्या गावाला जाणारं, ज्यात मिकी माउसच्या कानांची टोपी घातलेली मुलं भरपूर आणि प्लॅटिनमवाले दोनच. तिथे गोल्डसुद्धा यादीत पहिला असतो. म्हणजे अपग्रेड मिळण्याचा संबंध तुम्ही किती उडता याच्याशी फारसा नाही, त्या एका विमानात तुमच्याबरोबर कोण आहे याच्याशी आहे. ज्याला शनिवारी दुपारी सावकाश उडायची मोकळीक आहे त्याला यादी पावते, आणि ज्याला सोमवारी नऊच्या आत क्लायंटच्या दारात उभं राहायचं आहे त्याला पावत नाही. शिवाय आठवणीचाही खेळ आहे. मिळालेलं अपग्रेड दहा जणांना सांगितलं जातं, फोटोसकट. न मिळालेली तीस कोणी मोजत नाही.

जोडीने प्रवास करणाऱ्यांचा एक वेगळाच पेच असतो. स्टेटसवाल्याच्या सोबत एका माणसाला फुकट अपग्रेडची सोय असते, पण दोघं सहसा एकाच आरक्षणावर असतात. मग संगणक दोन जागा शोधतो. एकच उरली असेल तर या जोडीला ओलांडून खालच्या एकट्याला ती दिली जाऊ शकते. पाचव्या क्रमांकावर नवराबायको बसून राहतात आणि सातव्याला खूण येते. यात अन्याय नाही. पण ज्यांना हे माहीत नसतं ते काउंटरवर जाऊन भांडतात आणि तिथल्या बाईला त्या दिवशीचं तेच भांडण पाचव्यांदा ऐकावं लागतं. काउंटरवर गोड बोलून, नीटनेटका कोट घालून, आज लग्नाचा वाढदिवस आहे असं सांगून पुढची खुर्ची मिळते ही दंतकथाही याच माहितीच्या अभावावर पोसली गेली आहे. यादी संगणक लावतो. काउंटरवरची व्यक्ती ती वाचून दाखवते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कंपनीचं सर्वाधिक उत्पन्न ज्या गिऱ्हाइकांकडून येतं त्यांनाच ती नाराज करेल, हे व्यापारात बसतं का? याचं उत्तर द्यायला पैसा कोणाचा हे विचारावं लागतं. दर आठवड्याला उडणाऱ्या सल्लागाराचं तिकीट त्याची कंपनी काढते, आणि बहुतेक कंपन्यांचा प्रवासाचा नियम देशांतर्गत प्रवासाला इकॉनॉमीच मान्य करतो. हा माणूस पुढची खुर्ची विकत घेणारच नाही हे विमान कंपनीला पक्कं ठाऊक असतं. तो दुसरीकडे जाणार नाही हेही ठाऊक असतं, कारण त्याच्या गावातून थेट विमान एकाच कंपनीचं. उलट त्याला खुर्ची फुकट देत राहिलं तर जे स्वतःच्या खिशातून देऊ शकतात तेही ‘थांबू, मिळेल’ म्हणून बसून राहतात. फुकटाची सवय विक्रीला मारते. शिर्डीला पैसे भरून लवकर दर्शनाची सोय झाली तेव्हा ओळखीच्या माणसाकडून पास मिळवणाऱ्यांचं महत्त्व उतरलं. इथलाही प्रकार त्याच जातीचा. फक्त इथे देव आणि देवस्थान एकच आहे.

2023 सालचं उदाहरण या आक्षेपाला खरं म्हणजे पुरेसं आहे. त्या सप्टेंबरमध्ये डेल्टाने जाहीर केलं की यापुढे स्टेटस फक्त खर्चावर मोजायचं, आणि सर्वांत वरच्या ‘डायमंड’ पायरीसाठी वर्षाला 35,000 डॉलरच्या खर्चाची अट घातली. गिऱ्हाईक खवळलं. काही दिवसांत मुख्य अधिकारी एड बॅस्टियन यांनीच आपण जरा जास्तच पुढे गेलो अशी कबुली दिली आणि ऑक्टोबरमध्ये अट 28,000 वर आली. सर्वांत खालच्या सिल्व्हरची 6,000 ची 5,000 झाली. गिऱ्हाइकांनी हा विजय साजरा केला. पण विजय कसला? पायरीची उंची कमी झाली, म्हणजे पायरीवर चढणारे वाढले. पुढची खुर्ची एकही वाढली नाही. लोकांनी भांडून आपलीच रांग लांबवून घेतली. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत मजेशीर वाटते, आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोललं नाही याचं नवल वाटतं.

रांग लांबवणारा दुसरा हात बँकांचा. 2022 पासून अमेरिकनमध्ये स्टेटस ‘लॉयल्टी पॉइंट’वर मिळतं आणि कंपनीच्या क्रेडिट कार्डावर केलेल्या साध्या किराणा खरेदीतूनही ते जमतात. विमानात न बसता गोल्ड होता येतं. डेल्टाला अमेरिकन एक्स्प्रेसकडून 2024 मध्ये सात अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मिळाली. टाळेबंदीच्या काळात विमानं जमिनीवर होती तेव्हा याच मैल-योजना तारण ठेवून युनायटेडने 2020 मध्ये 6.8 अब्ज, डेल्टाने 9 अब्ज आणि पुढच्या वर्षी अमेरिकनने 10 अब्ज डॉलर उभे केले. धावपट्टीवरच्या विमानांना ज्या दिवसांत किंमत उरली नव्हती त्या दिवसांत या योजनांना होती. यावरून कंपनी काय विकते ते कळावं. ती आशा विकते. आशेची छपाई हवी तेवढी करता येते, खुर्च्यांची नाही.

आता कोणी म्हणेल की हे सगळं गणित झालं, पण वचनाचं काय? माणसाने वीस वर्षं एका कंपनीला दिली, तिने थोडं तरी ऋण मानू नये? हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन आला आहे. मिनेसोटातल्या एका रब्बींचं सर्वांत वरचं स्टेटस नॉर्थवेस्टने 2008 मध्ये काढून घेतलं, कारण ते तक्रारी फार करतात असं कंपनीचं म्हणणं होतं. त्यांचं सांगणं असं की प्रत्येक करारात सद्भावनेने वागायचं एक न लिहिलेलं बंधन असतं आणि कंपनीने ते मोडलं. ‘नॉर्थवेस्ट विरुद्ध गिन्सबर्ग’ या खटल्यात एप्रिल 2014 मध्ये न्यायालयाने एकमताने कंपनीच्या बाजूने निकाल दिला: राज्याच्या कायद्यातून येणारं असं बंधन 1978 च्या त्या नियंत्रणमुक्तीच्या कायद्यापुढे टिकत नाही. करारात जे लिहिलं आहे तेवढ्यापुरतं भांडता येतं. आणि करारात काय लिहिलेलं असतं? कंपनी तिच्या मर्जीने योजना बदलू शकते, सवलत काढू शकते. अपग्रेडच्या बाबतीत तर प्रत्येक ठिकाणी ‘उपलब्ध असल्यास’ हे शब्द असतात. सगळा निबंध खरं तर त्या दोन शब्दांवरच आहे.

इमानाचा हिशेब लावायचाच तर ‘मिलियन मायलर’ पाहा. युनायटेडमध्ये दहा लाख मैल उडलं की जन्मभराचं गोल्ड मिळतं. दहा लाख मैल म्हणजे इथून चंद्रावर दोनदा जाऊन परत यायचं अंतर, वर थोडं उरतं. पण हा चंद्रावरून दोनदा आलेला गोल्ड, गेल्या एकाच वर्षात प्लॅटिनम झालेल्या माणसाच्या मागेच उभा राहतो. रांगेला वर्तमानकाळ तेवढा कळतो.

मार्गांचीही गोष्ट सांगायला हवी, कारण ती आपल्या लोकांच्या वाट्याला विशेष येते. न्यू जर्सीतला मराठी माणूस कामासाठी सर्वांत जास्त कुठे उडत असेल तर न्यूअर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला, बे एरियातल्या मुख्य कचेरीकडे. युनायटेडने नेमका हा मार्ग, पाठ टेकून आडवं होता येणाऱ्या खुर्च्यांचा म्हणून, फुकट अपग्रेडमधून वगळून ठेवला आहे. न्यूअर्क ते लॉस एंजलिसही तसाच. आणि भारतात यायच्या लांबच्या विमानांना फुकट अपग्रेड हा प्रकारच लागू नाही, तिथे वेगळे गुण किंवा कूपनं मोजावी लागतात आणि त्यांनाही पुन्हा ‘उपलब्ध असल्यास’. म्हणजे पंधरा-सोळा तास पाठ मोडते तिथे सवलत नाही, आणि दीड तासाच्या शिकागो-मिनियापोलिसला आहे. तिथे ती मिळाली तरी उपयोग एवढाच की कॉफी कागदाऐवजी चिनी मातीच्या कपात येते आणि लॅपटॉपचं झाकण पूर्ण उघडतं.

भारतातून पाहणाऱ्याला हा सगळा उपद्व्याप चमत्कारिक वाटणं साहजिक आहे. इंडिगोच्या देशांतर्गत विमानांत नोव्हेंबर 2024 मध्ये दिल्ली-मुंबई मार्गावर ‘स्ट्रेच’च्या 12 जागा येईपर्यंत पुढचा वर्गच नव्हता, तेव्हा देशातल्या बहुसंख्य विमानप्रवाशांना अपग्रेडची आशा लावून घ्यायची वेळच आली नाही. युरोपातल्या मोठ्या कंपन्याही स्टेटस आहे म्हणून दर फेरीला यादी चालवत नाहीत. मागे जागेपेक्षा जास्त तिकिटं विकली गेली तरच त्या काहींना पुढे ढकलतात. पण मला सर्वांत प्रामाणिक पद्धत आपल्या रेल्वेची वाटते. लालूप्रसाद यादव रेल्वेमंत्री असताना, 2006 च्या सुमारास, रेल्वेने आपोआप वरच्या वर्गात बसवायची योजना आणली. तिकीट काढताना एका चौकोनात खूण करायची. स्लीपरमधला माणूस, जागा असेल तर, जादा पैसे न देता एसी थ्री-टियरमध्ये जातो. रेल्वे त्याला तुम्ही आमचे निष्ठावंत आहात असं सांगत नाही. तिला त्याचा खालच्या वर्गातला बर्थ हवा असतो, वेटिंग लिस्टवरच्या पुढच्या माणसासाठी. माल उरला आहे, इकडचा तिकडे करतो, इतकंच. विमान कंपन्यांचंही मूळ तेच होतं. त्यांनी त्याला सोन्याची, प्लॅटिनमची नावं दिली आणि माणसं त्या नावांना भुलली.

मग स्टेटस मिळवू नये का? असं मी म्हणत नाही. ज्याला कामासाठी उडायचंच आहे त्याला ते मिळणारच, आणि त्याचे खरे फायदे अपग्रेडच्या झगमगाटात झाकले जातात. पाय लांब करता येणारी खुर्ची जादा पैसे न देता आधी निवडता येते. बॅगेचे पैसे वाचतात. वरच्या कप्प्यात जागा असते तोवर आत शिरता येतं, हे सोमवारी सकाळी लहानसं सुख नाही. आणि या सगळ्यांहून मोठी गोष्ट विमान रद्द झाल्यावर कळते. शिकागोवर उन्हाळ्यातलं वादळ उभं राहतं, गुरुवारच्या संध्याकाळची पाच विमानं एकापाठोपाठ पुसली जातात, गेटपाशी दोनशे माणसांची रांग लागते आणि सामान्य क्रमांकावर फोन लावला तर संगीत ऐकू येत राहतं. स्टेटसवाल्यांच्या वेगळ्या क्रमांकावर माणूस उचलतो. रात्रीच्या शेवटच्या विमानात तीन जागा असतात.

त्या विमानाच्या गेटवरचा पडदाही तोच असतो. पण त्यावर आता दोन याद्या फिरत असतात, एक पुढच्या खुर्च्यांची आणि दुसरी कुठलीही खुर्ची चालेल असं म्हणणाऱ्यांची. पहिल्या यादीत तेविसावा असलेला ‘केयूएल’ दुसऱ्या यादीत तिसरा असतो. दार बंद व्हायला दहा मिनिटं असताना त्याच्यापुढे हिरवी खूण येते: 34ई, मधली जागा, शौचालयाच्या अलीकडची रांग.